ओलं लाकूड

कुंभकोणम्‌ला आमचे शेजारी कचेरीत कारकून होते. घरी आले की ओट्यावर बसून दोरीने फिरणाऱ्या चरकावर लाकूड कातून लहानसहान वस्तू करत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. कातलेली प्रत्येक वस्तू ते स्वतःच्या गालावर घासून पाहत; कुसळ लागलं की ती पुन्हा चरकावर जाई.

भाच्याच्या बारशाला मामाने लाकडी खुळखुळा द्यायचा, ही आमच्या घरची रीत. मी फणसाच्या लाकडाचा तुकडा घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी तो हातात तोलला.

"ओलं आहे हे. पुढे तडकेल, पोराच्या ओठाला लागेल."

"उन्हात वाळवलं तर? बारसं परवा आहे."

"बी.ए. झालास की रे! उन्हात जास्तच फाटेल. टोकांना मेण लाव, वर्षभर सावलीत ठेव. भाच्याला म्हणावं, थांब जरा."

मी ओशाळून परतलो.

बारशाच्या सकाळी अण्णा गुळगुळीत खुळखुळा घेऊन दारात उभे. "जुनं लाकूड मिळालं," एवढंच म्हणाले.

दुपारी घुगऱ्या द्यायला गेलो, तर ते जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या वडिलांची फणसाची खुर्ची तीन पायांवर भिंतीला टेकून उभी होती. मी वाकून नमस्कार केला.

अण्णांनी घुगऱ्यांची चिमूट तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे. आईला सांग."