हवा वरच चढते

वडिलांची जुनी गाडी दादाने विकायला काढली. पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक त्याने मोठ्या हौसेने स्वतः बसवले, पण पेडल दाबलं की थेट तळाला जाई. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

गॅरेज चालवणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीला गाडी जाऊ द्यायची नव्हती. ती चाकाशी निवांत बसली. सामान तिनेच निवडलेलं. मोठ्या डिस्कचा मोह सोडून जुन्या चाकात मावेल तेवढीच घेतलेली, म्हणजे खोट सामानात नव्हती. तिने डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरवरून बोट फिरवलं. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायचं निपल खालच्या अंगाला लागलं.

"दादा, डावा कॅलिपर उजवीकडे लावलास अन् उजवा डावीकडे. निपल वर हवं. हवा नेहमी वरच चढते."

"मला काय ठाऊक?"

"तुला नाही तर कुणाला? लहानपणापासून तुझ्या डोक्यातच जाते ती."

दादा गालात हसला. तिने कॅलिपरांची अदलाबदल केली, तेल भरून हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. दादाने उतारावर गाडी सोडून ब्रेक दाबला, तशी ती शहाण्या बैलासारखी जागीच उभी राहिली.

परत येऊन त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"गिऱ्हाईक आलं, तर चहा पाजून वाटेला लाव."