अण्णा जीपवर चढले तेव्हा

सकाळी कपाटातून कोट काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासानं मी पुन्हा धारूरच्या जुन्या कोर्टात पोचले. माझे वडील, अण्णा, तिथं वकील होते. निवडणुकीचा अर्ज भरायला निघताना त्यांनी काळा कोट उतरवून माझ्या हातात दिला आणि ते जीपवर चढले. तेवढ्यात शिपायानं त्यांच्या पक्षकार भागाबाईचा पुकारा केला.

"वकीलसाहेब, आज माज्या जमिनीची तारीख हाय न्हवं?" ती जीपमागं पळत ओरडली.

"आलोच, मावशी," अण्णा हात जोडून म्हणाले. जीप थांबली नाही. मला तेव्हा अण्णांचा केवढा अभिमान वाटला होता!

आता वकील मी आहे. दुपारी पक्षाची माणसं कोर्टाच्या आवारात आली. "ताई, तिकीट तुमचंच. चला." आत माझ्या पक्षकाराचा पुकारा झाला.

"आलेच," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, ते मलाच कळेना.