लॅपटॉप आणि अमावस्येचा कावळा

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखनाशी संबंध तिथंच तुटला आणि अक्षर असं, की मीच लिहिलेली किराणाची यादी दुकानात गेल्यावर मलाच वाचता येत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून धीर करून लिहिते.

मी पितृपक्षाच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेतला.

लेक ऋतुजा धाराशिवला कॉम्प्युटरच्या कॉलेजात लागली होती. परीक्षा घरी बसून द्यायची आणि ती मोबाईलवर चालायची नाही! पैसे बचत गटाचे. आठ वर्षं गटात सही करून, चहा पिऊन परत येणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडून कर्ज मागितलं. (तेही इतकं हळू, की आमच्या अध्यक्ष कमलआक्कांनी तीनदा विचारलं, "काय म्हनली गं ही?") गटाला त्या पैशात मिरची कांडायचं यंत्र घ्यायचं होतं. ते माझ्यापायी मागं पडलं. आक्का एवढंच म्हणाल्या, "घे. पन वस्तू चांगली घे. गटाचा पैसा हाय."

दुकानात ऋतुजा कानाशी लागली, "आई, थोडं थांबू. पंधरा दिवसांत नवीन सिस्टीम येणार आहे."

"पंधरा दिवस पित्तरं हायती. नवं काय घेत न्हाईत. आजच घ्यायचं."

"अगं, मग आपला जुना होईल की!"

"पंधरा दिवसांत म्हस बी जुनी होत न्हाय!"

दुकानदार हसला. "ताई, घ्या बिनधास्त. नवीन सिस्टीम ह्यातच येईल. फुकट आणि आपोआप."

फुकट आणि आपोआप हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला धडकीच भरते. पण आमच्या गावची, तामलवाडीची एसटी चुकत होती. घेतला!

आमच्या ह्यांनी 'पंधरा दिवसांत नवीन येणार' ही गोष्ट पारावर सहज सांगितली. दुसऱ्या दिवशी गावात झालं, मंगलला (म्हणजे मला) जुना माल दिला. चौथ्या दिवशी तो लॅपटॉप कुणीतरी दोन वर्षं वापरून टाकून दिलेला होता. आठव्या दिवशी कमलआक्कांचा निरोप आला, "अमावस्येला बघायला येते."

तेवढ्यात पितृपक्षातच लॅपटॉपवर चौकट आली. नवीन सिस्टीम तयार आहे, घ्यायची का?

"खबरदार!" मी म्हणाले. "पित्तरं उठल्याबिगर घरात नवं काय आनायचं न्हाय."

"आई, ही काय वस्तू आहे का? डोळ्याला दिसत पण नाही."

"पित्तरं तरी कुठं दिसत्यात?"

यावर कॉलेजात उत्तर शिकवत नसावेत. ठरलं, घट बसल्यावर घ्यायची. तोवर चौकट आली की पांढरं बटण दाबायचं, निळं नाही. ज्वारीवरची पाखरं राखावीत तशी मी ती चौकट राखली.

सर्वपित्रीचा दिवस उजाडला. दुपारी दोनला ऋतुजाची परीक्षा. बारा वाजता ती डोक्यावरून न्हायला गेलेली, मी वडे तळत होते. लॅपटॉप शेजारीच उघडा. नेमकी चौकट आली आणि नेमका दारात आवाज आला, "मंगल, हायस का?"

आक्का! मागं आणखी दोघी! त्यांना ते 'नवीन येतंय' दिसू नये म्हणून मी पिठाचं बोट घाईघाईनं आपटलं. निळ्यावर!

पडदा काळा झाला. त्यावर एक चक्र फिरू लागलं आणि खाली आकडा, एक टक्का.

ऋतुजा ओल्या केसांनी धावत आली. "आई, काय दाबलंस?"

"...निळं."

"दोनला परीक्षा आहे माझी!"

"मग बंद करून परत चालू कर की."

"मधेच बंद केलं तर कायमचा जाईल!"

आक्कांनी पदर खोचला. "म्हंजे बिगडला व्हय? गटाचा पैसा हाय गं तो!"

मग आम्ही पाच बायका त्या आकड्यापुढं बसलो. तीस. चाळीस. चौसष्ट. चौसष्टावर जे अडलं, ते हलेचना! एक वाजला, सव्वा वाजला. ऋतुजा नखं खाऊ लागली. माझ्या डोळ्यांपुढं तिचं बुडालेलं वर्ष आणि गटाच्या बायकांची तोंडं एकदमच फिरायला लागली.

एवढ्यात वर माळवदाच्या छतावरून ह्यांची हाक, "अगं, कावळा घास शिवंना!"

आक्कांनी कपाळाला हात लावला. "शिवंल कसा? पित्तरात घरात नवं घेतलंस! सासरा रुसलाय तुजा. जा, वर जाऊन बोल त्यांच्यासंगं. मोट्यानं बोल!"

सासरे जिवंत असताना मी त्यांच्यापुढं पदर खाली घेऊन फक्त 'व्हय' म्हणायची. आता त्यांना लॅपटॉप समजावून सांगायचा होता! वर गेले तर आजूबाजूच्या सगळ्या माळवदांवर माणसं आपापल्या कावळ्याची वाट बघत उभी. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"मामा! नवं काय घेतलं न्हाय वो! लॅपटॉप आधीचाच हाय! आज त्यो नुस्ता न्हाऊन नवी कापडं घालाया लागलाय!"

सगळी गल्ली आपापला कावळा सोडून माझ्याकडं बघायला लागली. मग एक कावळा आला आणि त्यानं वडा उचलला. (पलीकडच्या घरचे वडे करपले होते, असं आमचे हे अजून म्हणतात.) खालून ऋतुजा ओरडली, "आई, झालं! चालू झाला!"

दोनला दहा मिनिटं होती. परीक्षा झाली. पोरगी पास झाली.

आक्कांनी पडदा जवळून न्याहाळला. "नवाच हाय की गं! आनि ह्ये फुकट आलं?"

"आपोआप आलं, आक्का."

"मिरचीच्या यंत्राला बी आसं येतंय का, इचारून ठिव."

पुढं दोन वर्षं मशीनवर झंपर शिवून मी हप्ते भरले. शेवटचा हप्ता दिला त्या मीटिंगला नेहमीसारखं पुटपुटले, "फिटले."

"मोट्यानं सांग की," आक्का म्हणाल्या. "तुजा आवाज किती हाय, त्ये वर तुज्या सासऱ्यापत्तुर समद्यांस्नी म्हाईत हाय!"

मग मी उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "गटाचे सगळे पैशे फिटले!"

पत्र्यावर बसलेला कावळा घाबरून उडाला.