त्र्याहत्तर किलोंचा बोर्ड

पॅडलबोर्ड निवडायचा तर सगळ्यात आधी माणसाचं वजन लागतं. लांबी, रुंदी, शेपटीचा आकार हे सगळं त्यानंतर. देवासला राहणाऱ्या माणसाला ही माहिती असण्याचं काही कारण नाही. मला ती आहे, ती धाकट्या भावामुळे.

आम्ही मूळचे धारचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला देवासच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात नोकरी लागली आणि मी बिऱ्हाड तिकडे हलवलं. भाऊ धारलाच राहिला. नालछ्याच्या पुढच्या एका शाळेत तो खेळ शिकवायचा, रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन. लहानपणापासून धारच्या तलावांत पोहलेला. पण तलावाचं पाणी ते. माणूस हलेल तेवढंच हलतं.

त्याची सासुरवाडी कोकणातली, मालवणच्या बाजूची. मेहुण्याचं समुद्रापाशी खोल्या भाड्यानं देण्याचं काम होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यात भाऊ सहकुटुंब तिकडे गेला, तेव्हा मेहुण्याकडे एक परदेशी पाहुणा उतरला होता. त्याच्याजवळ उभं राहून वल्हवायचा बोर्ड होता. सर्फिंगच्या बोर्डासारखाच, पण मोठा. त्यावर पोटावर पडून हातांनी पाणी मारायचं नसतं. उभं राहायचं, लांब वल्ह्यानं आत जायचं, आणि लाट आली की तिच्यावरून उभ्याउभ्या घसरत किनाऱ्याकडे यायचं. पाहुण्यानं भावाला सहज विचारलं, करून बघतोस का? भाऊ सकाळभर पडत राहिला आणि शेवटी एकदा उभा राहिला. एकच लाट, तीही लहान.

परतल्यावर तो थेट देवासला माझ्याकडे आला. चहा पुढ्यात गार होत होता आणि हा स्वयंपाकघराच्या दारात गुडघे वाकवून उभा.

"दादा, पाणी आपल्याला मागून उचलतं आणि सोडत नाही. मी एवढी वर्षं पोहतोय, पाण्यानं कधी मला कुठे नेलं नव्हतं रे."

"भाऊजी, आधी चहा घ्या," माझी बायको म्हणाली. "लाट काय पळून जात नाही."

"वहिनी, पळूनच जाते ना! तीच तर गंमत आहे."

तो पाहुणा दर हिवाळ्यात यायचा. पुढच्या खेपेला एक बोर्ड आणून देईन, म्हणाला होता. कोणता हवा ते दसऱ्यापर्यंत कळवा. बोर्ड मेहुण्याकडे राहणार, भाऊ दर सुटीत जाऊन वापरणार. पसंतीला तीन होते. बारा फुटी, साडेदहा फुटी आणि नऊ फुटी. एकदा आणला की बदलून मिळणार नव्हता.

"दादा, हिशोबाचं डोकं तुझं," भाऊ म्हणाला. "तू ठरव. मी उभा राहीन."

मला ते काम आवडलं, हे कबूल करायला हवं. कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मापात आहेत की नाहीत ते बघायचो. इथे माप मी ठरवणार होतो. सायबर कॅफेत बसून मी बोर्डांची चित्रं बघितली. एक चित्र वरून खाली उघडेपर्यंत वाट बघावी लागे. जे समजलं ते असं. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये देतात, आणि एक लिटर म्हणजे साधारण एक किलो भार पाण्यावर धरून ठेवण्याची ताकद. बारा फुटी दोनशे लिटरच्या आसपास, साडेदहा फुटी एकशे साठ, नऊ फुटी एकशे अठरा. संथ पाण्यात शिकणाऱ्याला वजनाच्या दुप्पट लिटर लागतात. लाटांसाठी मात्र बोर्ड लहान हवा, कारण लांब बोर्डाचं नाक लाटेच्या उतारावर पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. शिवाय तो पटकन वळत नाही. त्यासाठी दीडपटीच्या थोडं वर चालतं, पण तेवढा तोल पायांत पाहिजे.

भावाचं वजन धारच्या एका धान्यवाल्याच्या काट्यावर केलं. शहाऐंशी किलो. दुप्पट केली तर एकशे बहात्तर. म्हणजे बारा फुटी.

"ती तर होडी आहे," भाऊ म्हणाला. "पाहुण्याचा नऊ फुटी होता. लाटेवर कसा वळायचा!"

"पाहुणा किती किलोचा?"

"असेल सत्तर."

"मग तू सत्तरचा हो."

हे मी चेष्टेत म्हटलं होतं.

चैत्रात आम्ही खलघाटला नर्मदेवर एक प्रयोग केला. धामनोदच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या दोन ट्यूब भाड्यानं आणल्या आणि त्यांवर जुन्या दाराची फळी बांधली. भाऊ फळीवर चढला, हातात बांबू. मी काठावर उभा राहून, तो एका बाजूला झुकला की फळी किती बोटं बुडते ते बघत होतो. हायवेवरचे दोन-चार ट्रकवाले आंघोळीला उतरले होते. त्यातला एक अंगाला साबण लावता लावता ओरडला, "क्यों भिया, गुजरात जा रिये हो क्या इसपे?"

"हाँ भिया," भाऊ तिकडून म्हणाला, "कुछ मँगाना हो तो बोल दो!"

आणि पडला. काठावर सगळे हसले, तोही हसला, परत चढला. दुपारपर्यंत तो फळीवर चालू लागला होता, पुढे-मागे, बांबू न टेकता. त्याचा तोल चांगला होता. तेवढ्यावरून मी बारा फुटी बाजूला ठेवून साडेदहा फुटी मनात धरला. परतताना ढाब्यावर त्यानं पाण्याचा जग संपवला आणि दुसरा मागवला. ऊन कडक होतं. त्यात मला काही वेगळं दिसलं नाही.

राखीला बहीण माहेरी आली म्हणून आम्ही सगळे धारला जमलो. भाऊ ऐंशीवर आला होता. जिलबी बंद केली, रोज पोहतो, म्हणाला. बहिणीनं त्याच्या पोटावर चापट मारली. "कुठे गेलं रे ते? कसा लग्नाच्या वेळेसारखा दिसतोस!" तो खूश. मीही खूश, कारण ऐंशीला साडेदहा फुटी दुपटीनं बसत होता, कुठेही ओढाताण नव्हती.

नवरात्रात त्याचा फोन आला. "दादा, त्र्याहत्तर!"

मी लगेच गुणाकार केला. त्र्याहत्तरची दीडपट एकशे साडेनऊ. नऊ फुटी एकशे अठराचा. बसत होता.

"मग नऊ फुटीच सांगू?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात लहान मुलाचा आनंद होता.

"वजन असंच राहणार का पण?"

"अरे, अजून उतरतंय. काही न करता उतरतंय."

काही न करता. हे शब्द त्यानं जसे उच्चारले तसे अजून माझ्या कानात आहेत. त्या दिवशी मी त्यांचा अर्थ एवढाच घेतला की बोर्ड सुरक्षित आहे.

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. ती सहसा मला फोन करत नसे.

"दादा, तुम्ही ह्यांना जरा सांगा ना. शर्ट सगळे ढगळ झालेत. जेवतात भरपूर, तरी असं. पाणी तर इतकं पितात."

"पोहतोय ना तो रोज," मी म्हणालो. "व्यायामानं उतरतंच. आणि आपल्या कामाला चांगलंच आहे ते."

ती "हो का," म्हणाली, आणि माझ्या बायकोची चौकशी करून फोन ठेवला.

आमच्या वडिलांना शुगर होती. शेवटची काही वर्षं त्यांचं पथ्य आम्ही दोघांनी सांभाळलं होतं. तहान, भूक आणि उतरत जाणारं वजन यांचा अर्थ मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. पण शहाऐंशी, ऐंशी आणि त्र्याहत्तर हे आकडे माझ्या डोक्यात बोर्डाच्या खात्यात पडले होते, आणि तिथे ते उत्तम दिसत होते. कारखान्यात एखादं माप असं सरळ एकाच दिशेनं सरकत गेलं असतं तर मी मशीन थांबवून कारण विचारलं असतं.

दसऱ्याला आम्ही मेहुण्याला कळवलं, नऊ फुटी.

दिवाळीच्या तोंडावर भावाला नवा बूट चावला. त्याला कळलंच नाही. शाळेतून घरी येऊन मोजा काढला तेव्हा तो रक्तानं भिजलेला होता. धारमध्ये मलमपट्टी केली, जखम भरेना, काळी पडायला लागली, तेव्हा इंदूरला नेलं. डॉक्टरांनी साखरेचा आकडा बघून विचारलं, "वजन किती कमी झालं?" भाऊ माझ्याकडे बघायला लागला, कारण ते आकडे माझ्याजवळ होते. मी तिन्ही सांगितले. डॉक्टरांनी विचारलं, "आणि तुम्ही आलात कधी?"

साखर किती वर्षं अंगात होती कुणास ठाऊक. तळपायांची जाणीव बरीचशी गेलेली होती. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. बाकी पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, हे नशीब समजा, आणि आम्ही समजलो. यापुढे अनवाणी पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा.

ही गडबड चालू असतानाच बोर्ड मेहुण्याकडे पोचला. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ हॉस्पिटलच्या खाटेवर होता. "रंग कोणता आहे?" एवढंच त्यानं विचारलं. वर पिवळा आणि खाली पांढरा होता.

इन्सुलिन सुरू झाल्यावर तो भरत गेला. गाल वर आले, शर्ट बसू लागले, त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून कोकणात गेलो तेव्हा तो पंच्याऐंशी किलोंचा झाला होता. हा आकडा मला माहीत होता. एकशे अठरामधून पंच्याऐंशी गेले, वर बोर्डाचं स्वतःचं वजन, बूट, ओले कपडे. मी गाडीत बसूनच ते करून ठेवलं होतं. बोललो नाही. वाटलं, तोल चांगला आहे त्याचा, निभेल कदाचित.

बोर्ड सुंदर होता. भावानं त्याच्यावरून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला, खाली वाकून तळाचा बाक बघितला, उचलून पाहिला. मग पाण्यात घालायचे रबरी बूट चढवले आणि मेहुण्याबरोबर आत गेला. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो.

तो गुडघ्यांवर होता तोपर्यंत सगळं ठीक होतं. उभा राहिला तसा बोर्ड त्याच्याखाली दबला आणि पाणी वरच्या पिवळ्या रंगावरून वाहू लागलं. एक बाजू खाली गेली. ती गेल्याचं त्याला बुटांतून समजलं नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत तो पाण्यात होता. परत चढला. परत तेच. खलघाटला तो पडायचा तेव्हा हसायचा. इथे तो प्रत्येक वेळी वर येऊन आधी बोर्ड कुठे आहे ते बघायचा, मग किनाऱ्यावर बायको बघतेय का ते.

शेवटी तो बोर्डावर आडवा हात टाकून नुसता तरंगत राहिला.

"भावोजी, मोठा मागवूया काय?" मेहुण्यानं विचारलं. "पाहुणा आहे अजून दोन आठवडे."

"हो, बारा फुटी," मी पाण्यातून पुढे होत म्हणालो. "पंच्याऐंशीची दुप्पट एकशे सत्तर, त्यात बुटांचं..."

"दादा," भाऊ म्हणाला, "राहू दे."

रागावून नाही. शाळेत दमलेल्या पोराला मैदानाबाहेर काढताना तो बोलत असेल तसं.

तेवढ्यात मला स्वच्छ दिसलं की बारा फुटी बोर्डावर हे दोन्ही भाऊ मावले असते, त्र्याहत्तरचाही आणि पंच्याऐंशीचाही. वळायला जड पडला असता, नाक एखाद्या वेळी पाण्यात घुसलं असतं. पण खालून आधार कळत नसलेल्या पायांनाही त्यानं उभं राहू दिलं असतं, आणि एखादी लहान लाट त्याला घेऊन आलीही असती. पहिल्या दिवशी शहाऐंशीच्या काट्यावर मी तोच निवडला होता. बरोबर उत्तर बदलायला मला ज्या आकड्यांनी लावलं ते आजाराचे होते, आणि मी त्यांच्यावर खूश होतो.

दुपारी मेहुण्याकडे उतरलेली एक सडपातळ मुलगी बोर्ड घेऊन आत गेली. भाऊ वाळूत खुर्ची टाकून बसला होता. तिथून तो तिला ओरडून सांगू लागला, "गुडघे वाकव! पायाकडे बघू नको, समोर बघ!" ती दोनदा पडली आणि मग उभी राहिली. बोर्ड तिच्याखाली कोरडा होता. एक लाट तिला बरीच लांबवर घेऊन आली. भावानं टाळ्या वाजवल्या.

त्याची बायको म्हणाली, "चला, जेवणाआधीचं इंजेक्शन राहिलंय." त्यानं रबरी बूट काढले, एकेक उलटा करून झटकला आणि आत हात घालून वाळूचा खडा राहिला नाही ना ते बोटांनी चाचपू लागला. मी विचारलं, "उद्या परत बघायचं का?" तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशी आम्ही देवदर्शनाला गेलो, आणि तिसऱ्या दिवशी निघालो.