सूरवाल्या इथेलचा सिनेमा

वेल्समधल्या आमच्या कुम-एर्विनमध्ये निम्मं गाव प्यू आडनावाचं आणि उरलेलं निम्मं पॅरी, म्हणून माणसं धंद्यावरून ओळखायची. पाववाला एम्रिस, टपालवाली बेटसन. इथेल प्यूचा जन्म पाटीच्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेला, पण त्याला खाणवाला कोणी म्हटलं नाही. तो सूरवाला इथेल. चॅपेलमध्ये पेटी नव्हती. पास्टरांनी स्तोत्र सांगितलं की इथेलने पुढच्या बाकावरून उठायचं, गावाकडे तोंड करून बाकाच्या पाठीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि पहिली ओळ उचलायची. मागून सगळं गाव. आधी हा मान त्याच्या बापाचा होता. मिरवावं असं त्या घरात दुसरं काही नव्हतंच.

सुरुंगांनी त्याचे कान नेले. बोलणं नीट ऐकू येत नाही हे तो हसत कबूल करायचा. "कानाचं काय घेऊन बसलात? सूर छातीत असतो," म्हणायचा. छातीतला हा सूर वर्षागणिक वर सरकत गेला. बायकांच्या मानेच्या शिरा तटतटायच्या, बाप्ये मध्येच गप्प होऊन नुसती तोंडं हलवायचे. याबद्दल गावात ना बैठक झाली, ना कोणी कोणाला बजावलं. इथेल जिथे नेईल तिथे जायचं, एवढंच. परगावचा पाहुणा आला तर इथेलची बायको नेस्ता त्याला दारातच गाठायची.

"आमच्याकडे जरा वरून गातात. दम लागला तर नुसते ओठ हलवा. पण हसलात तर चहा विसरा."

मग लंडनचे सिनेमावाले आले. आजोबांच्या काळातल्या एका भाबड्या वेल्श खेड्याची गंमत दाखवायची होती म्हणे, आणि भाबडं खेडं म्हणून त्यांना आम्ही सापडलो. बायकांना उंच काळ्या टोप्या घातल्या, एम्रिसला खोट्या मिशा लावल्या. चॅपेलमधला प्रसंग ठरला तेव्हा नेस्ताने एम्रिसला बाजूला घेतलं. म्हणाली, "या वेळी तू उचल. मी त्याला सांगते, तुला खोकला झालाय, आज गाऊ नकोस."

"आणि तो विचारेल, खोकला कुठाय? मग?"

दिग्दर्शकाला इथेलची दाढी आवडली होती, पुढे तोच हवा होता, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. इथेल उठला, डोळे मिटले आणि त्याने सूर असा काही उचलला की थेट कौलांना भिडला. गाव मुकाट्याने मागोमाग गेलं. दिग्दर्शकाने तोंडात रुमाल कोंबला. हे पुन्हा करू या, असं कोणीही म्हणू शकलं असतं. पण का, ते इथेलसमोर सांगावं लागलं असतं. सगळे गप्प बसले. ही आमची चूक, आणि दुसऱ्या कुठल्या गावाने ती केली असती असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी समुद्राकाठच्या शहरात सिनेमा लागला. गावाने बस केली. इथेलने लग्नातला कोट घातला होता. चॅपेलचा प्रसंग आला आणि थिएटर हशाने फुटलं. समोरचा जाडा माणूस मांड्यांवर थापा मारत होता. इथेलला आधी वाटलं, आपल्या दाढीला हसतायत. तोही हसला. हसत हसत त्याने आपल्या गावाच्या रांगेकडे पाहिलं. तिथे एकही चेहरा हसत नव्हता. नेस्ता मांडीवरचे हातमोजे चुरगाळत होती. मग त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी आपलं गाव गाताना बघितलं. ताणलेल्या माना, लालबुंद तोंडं, मध्येच सूर सोडून गप्प झालेला एम्रिस.

बसमध्ये त्याने नेस्ताला एवढंच विचारलं, "कधीपासून?"

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "महायुद्धापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस."

 तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, धरलाही नाही.

शनिवारी तो बेकरीत गेला. "उद्या तू उचल," एम्रिसला म्हणाला.

"माझा घसा बसलाय, इथेलकाका."

"खोटं बोलणं आता पुरे झालं रे बाबांनो."

रविवारी तो पुढच्या बाकावर गेला नाही, त्यामागच्या बाकावर नेस्ताशेजारी बसला. पास्टरांनी स्तोत्र सांगितलं. कोणी हलेना. सगळ्यांच्या नजरा इथेलवर, आणि तो आपल्या बुटांकडे बघत होता. शेवटी एम्रिस उठला. त्याचे ओठ हलू लागले, मग सगळ्यांचे.

इथेलचा हात समोरच्या, त्याच्याच जुन्या बाकाच्या पाठीवर होता. लाकूड थरथरलं. थरथर बोटांतून मनगटात आली, मग कोपरापर्यंत चढली. इतकी वर्षं याच लाकडावर हात ठेवून तो गायला होता, पण असं काही त्याला कधी जाणवलं नव्हतं. गाव पोटातून गात होतं. त्याच्याशिवाय.

त्याला रडू आवरेना. निदान नेस्ताला तरी वाईट वाटत असेल, या आशेने त्याने वळून पाहिलं. तिची मान सैल होती. चेहरा तरुणपणीसारखा उजळला होता. ती मनापासून गात होती, आणि शेजारी कोण बसलंय याचं तिला भानही नव्हतं.