डोमाजीनं मोटार नाकारली

डोमाजी माह्या पाठचा भाऊ. आमी भोई, पैनगंगेच्या काठचे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या खालच्या अंगाले आमचं गाव. तो मासे धरे अन् मी टोपलं डोक्यावर घेऊन बेल्याच्या बजारात इकाले बसे. नवरा मेल्यापासून मी माहेरीच. लोक म्हनत, राहीबाईचा मासा ताजा अन् जीभ त्याहून ताजी. म्हनोत. जीभ नसती तर बजारानं मलेच काट्यासगट गिळलं असतं.

पान्याच्या दिवसात आमचं गाव म्हंजे बेट. मागं नाला भरला का बेल्याची वाट बंद, पुढं तर नदीच. नदीपलीकडे महाराष्ट्र. तिकडे काठापासून डांबरी सडक अन् त्या सडकेवर सरकारी दवाखाना. दिसाले जवळ, पन पुरात डोंगा घालनं म्हंजे यमाले हाक मारून उठवनं. डोमाजीच्या पोराची, नागनाथची, बायको मनकर्णा पयल्या खेपेले अशीच अडली होती. पूर उतरन, पूर उतरन म्हनून आमी वाट पाहून राह्यलो अन् लेकरू पोटातच गेलं. ती वाचली, पन कशी वाचली ते तिलेच ठाऊक. पूर उतरल्यावर दवाखान्यातली बाई नागनाथले म्हनली, "पुढच्या वेळी उशीर केला तर ही बी हाती लागनार नाही." पोरानं ते मनात बांधून ठेवलं.

त्याच्या पुढच्या साली आमच्या मच्छीमार सोसायटीची नावेसाठी केलेली दरखास्त मंजूर झाली. आदिलाबादचा साहेब आला, अर्धं तेलुगूत अर्धं हिंदीत बोलला. त्याचा मतलब असा का मोटार लावलेली नाव घ्या, नाही तर वल्ह्याची मोठी नाव अन् सोबत नायलॉनची जाळी घ्या. दोन्ही भेटनार नाही. कडेमच्या धरनावर दोन्ही नावा पान्यात उभ्या हायेत, या, बसून पाहा, पसंत करा.

सोसायटीचा चेअरमन अमृतराव, पन तो सही कराले. नदीवर शब्द डोमाजीचा. त्याच्या बापाचा होता, आज्याचा होता. सुकानू त्याच्या हाती असलं का बाया लेकरं कडेवर घेऊन भर पान्यात डोंग्यात बसत, इतका त्याचा भरवसा. म्हनून ठरलं का डोमाजी बसून पाह्यन अन् तो म्हनन ती नाव.

मले कोनी बोलावलं नवतं. तरी मी गेली. मासे इकाचे मी अन् नाव पसंत कराची यायनं, हे कोन्या गावचं? मनकर्णाले तवा दिवस गेले होते. निघताना ती मले म्हनली, "आत्या, मामंजीले सांगा, मोटारीचीच घ्या म्हना." सासऱ्याम्होरं तिचं तोंड उघडत नसे, म्हनून मले सांगितलं.

कडेमले पानी समुंदरावानी पसरलेलं. मोटारीची नाव हलकी, मागं यंत्र, त्याच्याखाली पंखा. नागनाथनं दोरी ओढली अन् एका ओढीत ते चालू झालं. पोरगं असं हासलं का मले त्याचं लहानपन आठवलं. डोमाजी मागं बसला, मोटारीचा दांडा हातात घेतला अन् नाव निघाली. लय जोरात निघाली. मी काठावर उभी राहून पाहून राह्यली होती. मधात गेल्यावर डोमाजीनं मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे केली, अन् नाव सरळ पान्यातल्या एका वाळल्या झाडाच्या खुंटावर घातली. नागनाथनं दांडा हिसकला म्हनून वाचले. परत आले तवा डोमाजीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मले वाटलं, म्हातारा भेला. मनात हासली बी मी.

मग तो त्या वल्ह्याच्या नावेत बसला. हातानं फळ्या चाचपल्या, सांध्यातलं डांबर नखानं खरडून पाह्यलं, वल्हं मारून एक चक्कर घेतली. उतरून म्हनला, "हे नाव चांगली हाये. मोटार नको."

"काऊन?" नागनाथनं इचारलं.

"आवाजानं मासे पळतात. आपल्या नदीत खडक हायेत, पंखा एका दिवसात तुटन. अन् तुटला तर कोन दुरुस्त करन? तू?"

"हो, मी. बा, मी मासे धराले मोटार नाई मांगून राह्यलो. तुमाले ठाऊक हाये मी काऊन मांगून राह्यलो."

डोमाजीनं त्या वल्ह्याच्या नावेवर हात ठेवला. मग म्हनला, "तिले मी नेईन. कितीबी पूर असो. माह्या नावेतलं मानूस आजवर बुडालं नाई."

ते खरं होतं.  संग आलेल्या अमृतरावनं सही केली. मीबी भावाचीच बाजू घेतली अन् नागनाथले म्हनलं, "बापानं नदीत केस पांढरे केले, त्याच्यापुढं तू शहानपना नको शिकवू." मोटार तिथंच राह्यली. घरी मनकर्णानं इचारलं तवा नागनाथनं नाई म्हनून मान हालवली. ती उठून भाकरी थापाले बसली.

पोळा झाला अन् पान्यानं धरलं. नाला भरला. नदी दोन्ही काठ खाऊन चालली. अन् ऐन त्यात, एका सकाळी सूर्य वर आल्यावर, मनकर्णाले कळा सुरू झाल्या. सुईन पोटाले हात लावून म्हनली, लेकरू आडवं हाये, माह्याच्यानं होनार नाही.

आमी तिले घोंगड्यावर घालून नावेत आनलं. म्होरं नागनाथ वल्हं घेऊन उभा, मधात अमृतराव दुसऱ्या वल्ह्यावर, मागं सुकान्यावर डोमाजी. तिचं डोकं माह्या मांडीवर. डोमाजी म्हनला, "पोरी, भेऊ नको." ती म्हनली, "नाई भेत, मामंजी."

अर्धी नदी त्यानं अशी काढली का देवाले हात जोडावे वाटले. मग पाऊस आला. असा आला का पान्यावर पानी आपटून दुसरं काई ऐकू येईना. तशी डोमाजीची मान पुन्हा हालाले लागली. इकडे, तिकडे. कडेमले हालली होती तशीच. समोरून एक उपटलेली बाभूळ वाहत येऊन खडकाले अडकली होती. मले तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या जागेवरून दिसली, तर त्याले उभ्यानं दिसाले पाह्यजे होती.

"बा, डावीकडे घ्या! झाड हाये, झाड!"

"कुठं?" डोमाजी म्हनला. "कुठं हाये?"

नाव झाडात शिरली. काट्याच्या डगाळ्यायनं चहूकडून धरली. नागनाथ मागं वळला अन् बापाच्या तोंडाकडे पाहतच राह्यला. त्याले तवा समजलं, मले बी समजलं. माह्या भावाले दिसतच नवतं. कवापासून दिसत नवतं कोन जाने. मासे तो चाचपून निवडे तर मी समजे का हाताची सवय हाये.

नागनाथ कोयता घेऊन डगाळे तोडाले लागला. अमृतराव बी. तोडलं का पान्याचा जोर नाव आनखी आत दाबे. मनकर्णाच्या खालून रगत वाहून नावेच्या पान्यात मिसळलं. मी माहं लुगडं कोंबलं, काई उपेग झाला नाई. पाऊस थांबला तरी आमी तिथंच होतो.

ती पयले ओरडे, मग कन्हे, मग नुसती श्वास घे. माहा हात तिच्या कपाळावर होता अन् मले कळलं नाई. डोमाजी मागून कान देऊन म्हनला, "नागनाथ, थांब बापा. गेली ते."

नागनाथ थांबला नाई. झाड सुटेपर्यंत तोडत राह्यला, मग एकट्यानं वल्हं मारत पलीकडचा काठ गाठला. तिले खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत गेला. तिथून मात्र त्याले परतच यावं लागलं.

तेराव्यानंतर मी डोमाजीले धरलं. लय बोलली. बोलावं तितकं थोडंच होतं. तो म्हनला, "बाई, मले खडकाचा आवाज येते, धारेचा येते, काठाचा येते. त्याच्यावरच मी नाव नेत होतो. कडेमले मोटार चालू झाली अन् मले पानीच ऐकू येईना. तवा समजलं का मी पुरता आंधळा झालो. मोटार आली असती तर साऱ्यायले समजलं असतं. मग सुकानू कोनं देलं असतं माह्या हाती?"

"अरे, मंग माशाचं अन् पंख्याचं खोटं काऊन सांगितलं? मोटार पोराले दे म्हनाले काय झालं होतं तुले?"

"लाज वाटली," तो म्हनला.

एवढंच. त्याच्या लाजेपायी दोन जीव गेले. मी त्याची बहीन हाये, त्याले दोन्ही टाइम मीच जेवाले वाढते, पन हे मी कोनालेबी असंच सांगते.

ती कडेमची मोटार साहेबानं वरच्या अंगाच्या दुसऱ्या गावाले देली. नागनाथ तिकडेच गेला, तीच मोटार चालवते. जाळी टाकाले खाली येते तवा आमच्या घाटावरून जाते. डोमाजी दिवसभर घाटाच्या पायरीवर बसून राह्यते. मोटार अजून लांब असतानाच त्याले आवाज येते अन् तो काठी टेकून उभा होते. मी माशाचे खवले काढत असते. नाव समोरून निघून जाते.

"नागनाथच होता ना?" तो इचारते.

"हो."

"पाह्यलं का त्यानं इकडे?"

"नाई," मी सांगते. या घरात खोटं एकदा बोलून झालं हाये.