मोहाडीत घडलेला गिअर

मी खोटं बोललो तेव्हा डोमाभाऊ माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. लेथच्या आवाजात जन्म गेलेल्या माणसाचे कान मंद झालेले असणार, असा आधारही शोधला. पण डोमाभाऊंचे कान चांगले आहेत. लेथवरचं लोखंड कातणारं टूल बोथट व्हायला लागलं की ते आधी त्यांच्या कानांना कळतं, डोळ्यांना नंतर.

मोहाडीला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान आहे. पंपाचे शाफ्ट, मळणीयंत्राच्या पुल्या, राईसमिलच्या झिजलेल्या धुऱ्या, जे तुटेल ते लोक त्यांच्याकडे घेऊन येतात. अंगाने काटकुळे, वय पासष्टच्या पुढे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. लोक खिशात पेन ठेवतात तिथे त्यांचा माप घ्यायचा व्हर्निअर असतो. तुटका भाग हातात घेतला की आधी तो दोनदा फिरवून बघतात आणि आणणाऱ्याला विचारतात, "हे तुटलं का तोडलं?" समोरचा गोंधळला तर समजावून सांगतात, "तुटलं असन तं लोखंडाचा दोष. तोडलं असन तं तुमचा. मी लोखंडाचा इलाज करतो."

त्यांचे वडील ढिवर. तलावात आणि वैनगंगेत मासे धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. डोमाभाऊ आयटीआय शिकून लेथवर आले, पण बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर ते बोटाच्या पेराएवढी एक मासोळी ठोकतात. तिचा पंच, म्हणजे ठोकायचा ठसा, त्यांनी स्वतःच घडवला आहे. "बापानं मासोळ्या धरल्या, मी लोखंड धरलो. घराणं तं कळलं पायजे ना," असं त्यांचं म्हणणं.

मी जवाहरनगरला फॅक्टरीत इंजिनिअर आहे. जन्म मात्र मोहाडी तालुक्यातलाच. पंचेचाळिशीत मला एक वेड लागलं आणि मी नागपूरहून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोनच सीट, बोनेट लांब. इंजिन धडधाकट होतं, पण गिअर ढिला. पहिल्यातून दुसऱ्यात जायला हात वीतभर मागे न्यावा लागे, आणि तिसरा समजून टाकावा तर पाचवा पडे. अशा गाड्यांना आखूड फिरणारा लिव्हर बसवतात. लिव्हरच्या मध्ये एक गोळी असते, तिच्यावर तो डुलतो. ती गोळी थोडी वर घेतली की हाताला कमी फिरावं लागतं. माझ्या मॉडेलचा तयार लिव्हर कुठे मिळेना. भंडाऱ्याच्या मेकॅनिकने हात टेकले आणि म्हणाला, "हे काम मोहाडीचे डोमाभाऊच करतीन."

मी मापं टाकून व्यवस्थित ड्रॉइंग काढून नेलं. डोमाभाऊंनी ते पाहिलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक नट ठेवला आणि मला विचारलं, "साहेब, तुम्ही कधी डोंगा चालवला का?"

"नाही."

"वल्हं जिथं बांधलं असते ना, ती गाठ हाताकडे सरकवली तं हात कमी फिरते. पण जोर जास्त लागते. तुमच्या कागदात हाताचं लिहिलं आहे. जोराचं कुठं लिहिलं?"

ते कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पाना उचललाच नाही. गाडीत जाऊन बसले, क्लच दाबला आणि डोळे मिटून अर्धा तास नुसते गिअर टाकत राहिले. शाफ्ट न्यायला आलेला एक शेतकरी बराच वेळ गाडी न्याहाळत होता. शेवटी त्याने मला विचारलं, "भाऊ, यात दोघंच बसतेत?"

"हो, दोघंच."

"मंग सासूले कुठं बसवता?"

डोमाभाऊ डोळे न उघडता आतून म्हणाले, "म्हणूनच घेतली ना बाप्पा."

लिव्हरसाठी त्यांनी भंगारातल्या ट्रॅक्टरच्या एक्सलचं पोलाद निवडलं. आधी बाभळीच्या लाकडाचा नमुना केला, तो बसवून पाहिला, मग लेथ लावला. गोळी इतकी गुळगुळीत निघाली की तिच्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटलेला दिसला. खालच्या टोकावर चढणारी नायलॉनची बुशी, म्हणजे लहानशी नळी, त्यांनी तीनदा केली. पण त्या लिव्हरवरच्या गोळीची उंची माझ्या हट्टाने ठरली होती. इंटरनेटवर पाहिला तसा, दोन बोटांत पडणारा गिअर मला हवा होता. बसवल्यावर दुसरा गिअर घासला, तिसरा अडला, आणि माझं मनगट दुखायला लागलं.

"लालच झाली आपली," डोमाभाऊ म्हणाले. चूक माझी होती, पण त्यांनी 'आपली' म्हटलं. "गिअरबॉक्सले बी आत काही काम असते. त्याले वेळ द्या लागते."

तो लिव्हर त्यांनी बाजूला टाकला आणि कुरकुर न करता दुसरा करायला घेतला. या वेळी गोळी दोन सूत खाली. आठवड्याने तो बसवला आणि आम्ही तुमसरच्या रस्त्याने निघालो. डोमाभाऊंना गाडी चालवता येत नाही. ते शेजारी बसले होते. मी सवयीने हात जोरात मागे ओढला, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हलकीच टिचकी मारली. "मनगटानं टाका. खांद्याचं काम संपलं आता."

मी मनगटाने टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. चार बोटांचं अंतर, आणि प्रत्येक गिअर जणू आपली जागा माहीत असल्यासारखा बसत होता. मी पंचवीस वर्षं यंत्रांत काढली आहेत. इतकं नेमकं काम मी क्वचित पाहिलं आहे. डोमाभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

त्यानंतरच्या एका रविवारी नागपूरला जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा मेळावा होता. मी डोमाभाऊंना सोबत नेलं. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. आपलं काम नागपूरची जाणकार माणसं बघणार, याची त्यांना उत्सुकता होती. गाडीत दोनदा त्यांनी विचारलं, "त्यायले खोलून दाखवजा हं. वरून काही समजत नाही."

मैदानावर चकाकत्या गाड्या होत्या, आणि त्यांच्याजवळ इंग्रजी बोलणारी माणसं. एकाने माझी गाडी चालवून पाहिली आणि उतरल्यावर सगळ्यांना बोलावलं. लिव्हरभोवतीचं चामडं वर करून सात-आठ जण वाकून बघू लागले. एकजण म्हणाला, "हा माशाचा मार्क पाहा. जपानी कंपनी दिसते. बाहेरून मागवला का?"

"हो," मी म्हणालो. "जपानहून."

मोहाडी हा शब्द तोंडातून निघाला नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं झालं असतं. कुणीतरी डोमाभाऊंकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणालो, "सोबत आणलंय. गाडी पुसायला वगैरे."

डोमाभाऊ तिथून सावकाश चालत एका झाडाखाली जाऊन बसले.

परतीच्या रस्त्यात ते एकदाच बोलले. "तिसऱ्यातून दुसऱ्यात घेता तं तुम्ही दाबून राहिले. नोका दाबू, बुशी खराब होईन." मोहाडीला उतरताना दार अलगद लावलं आणि खिडकीत वाकून म्हणाले, "जपानची मासोळी सांभाळजा, साहेब."

चार महिने मी मोहाडीकडे फिरकलो नाही. गाडी मात्र रोज चालवत होतो, आणि गिअर टाकताना दरवेळी हाताखाली त्यांचं काम लागत होतं. शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेलो. ते शाफ्ट वळत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "डोमाभाऊ, त्या दिवशी नागपूरला माझं..."

"मले काहून सांगता?" लेथवरची नजर न काढता त्यांनी माझं बोलणं तोडलं. "कोणं बनवलं ते मले माहीत आहे. ज्यायले खोटं सांगितलं त्यायले सांगा."

"मग पुढच्या मेळाव्याला तुम्ही चला. तुमच्यासमोर सांगतो."

"मी येत नाही. मी असलो तं तुम्ही माह्यासाठी बोलसान. एकट्यानं बोला."

मी एकटा गेलो. सगळे चहाला जमले तेव्हा सांगितलं की लिव्हर जपानचा नाही. मोहाडीच्या डोमाभाऊ ढिवरांनी तो ट्रॅक्टरच्या एक्सलमधून घडवला. मागच्या वेळी झाडाखाली बसलेले गृहस्थ तेच, आणि मी त्यांना गाडी पुसणारा म्हणालो होतो. कुणीतरी हसलं. एकाने मान फिरवली, आणि तो त्यानंतर माझ्याशी फारसा बोलत नाही. पण गाडी चालवून बघणाऱ्याने तिथेच पत्ता लिहून घेतला. आज नागपुरात तीन गाड्यांत डोमाभाऊंचा लिव्हर आहे. माझ्या गाडीत कुणीही नवं बसलं की मी न विचारता चामडं वर करून तो दाखवतो आणि गावाचं नाव सांगतो. बायको म्हणते, मुलांच्या मार्कांचंही मी इतकं कौतुक केलं नाही.

त्या मेळाव्याच्या दिवशी नागपूरहून मी थेट मोहाडीला गेलो. दुकान उघडं होतं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सगळ्याईपुढं?"

"सगळ्यांपुढं."

"गावाचं नाव घेतलं?"

"घेतलं. तुमचंही."

त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. लेथचा चक फिरता फिरता हळूहळू थांबला. हात चिंधीला पुसून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हं. आता बोला."

रस्त्यात जुळवलेली वाक्यं मला आठवेनात. मी त्यांच्या पायांकडे वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं. मग त्यांच्या डोळ्यांत बघूनच बोलावं लागलं.

"डोमाभाऊ, मी तुमचं काम लपवलो, अन् तुमालेबी लपवलो. मले लाज वाटत होती, अन् ती चुकीच्या गोष्टीची वाटत होती. माफ करा मले."